खुर्च्या मांडायला नको, ठरवायला बोलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचन प्रेरणा दिन झाला की आपल्या जिल्हा पानावर शाळा-वाचनालयांचे फोटो येतात, तसे यंदाही आले. बहुतेक फोटोंत मांडणी तीच. मागे फ्लेक्स, मध्ये खुर्च्यांवर मान्यवर, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलं आणि प्रत्येकाच्या हातात छातीशी उभं धरलेलं एकेक पुस्तक. एका फोटोत पुढच्या रांगेतल्या पोरानं पुस्तक चक्क उलटं धरलं होतं. पुढे तीन-चार दिवसांनी आपण एका वाचकाचं पत्र छापलंत. दहा ते सोळा वयाची मुलं वाचनालयाकडे फिरकत नाहीत, तेव्हा वाचनालयांनी निबंध, वक्तृत्व, हस्ताक्षर अशा स्पर्धा घ्याव्यात, भरघोस बक्षिसं ठेवावीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांची कळकळ खरी आहे. उपाय मात्र मला पटला नाही, म्हणून हे लिहिते. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच तर खालचा शाल-श्रीफळाचा भाग तेवढा राहू द्या.

डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पोरांना प्रेक्षक म्हणून बोलावण्याबद्दल.

मी साताऱ्यातल्या एका पेठेतल्या ‘ब’ वर्ग वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. इथून एक गोष्ट लख्ख दिसते. तिसरी-चौथीपर्यंतची मुलं आईचं किंवा आजोबांचं बोट धरून येतात. पाचवी-सहावीला गेली की दिसेनाशी होतात. मग एकदम विसाव्या-एकविसाव्या वर्षी पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली आणि एमपीएससीचे प्रश्नसंच घेऊन अभ्यासिकेत उगवतात. ती येतात ते टेबल-खुर्ची, लाइट आणि शांतता यांच्यासाठी; पुस्तकांच्या कपाटांकडे त्यांची पाठच असते. मधली आठ-दहा वर्षं मूल आमच्या रजिस्टरात नसतं.

याला मोबाइल जबाबदार, असं म्हणून मोकळं होता येतं. पण कपाटं बघा. बालविभाग संपतो बोधकथांवर आणि थोरामोठ्यांच्या बत्तीस पानी चरित्रांवर. मोठ्यांचा विभाग सुरू होतो जाडजूड कादंबऱ्यांपासून. तेरा वर्षांच्या पोरीला पहिलं कपाट लहान मुलांचं वाटतं आणि दुसऱ्याला हात लावला की कुणीतरी म्हणतं, “हे तुझ्या वयाचं नाही.” मग तिनं जायचं कुठं? शिवाय मोठ्यांच्या विभागाला अनामत वेगळी, अर्जावर पालकांची सही वेगळी.

वेळेचंही तेच. पेठेतली बरीचशी वाचनालयं सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडी. पोरं सकाळी शाळेच्या गडबडीत, संध्याकाळी क्लासला. उरला रविवार, तर कित्येक वाचनालयांची साप्ताहिक सुट्टी नेमकी रविवारी. दुकानाचं शटर पाडून गिऱ्हाईक येत नाही म्हणून गाऱ्हाणं करण्यातला हा प्रकार आहे.

आमच्याकडे खिडकीशेजारी सुतळीनं एक वही टांगली आहे. वर लिहिलंय, ‘इथं काय व्हावं?’ नाव लिहायची सक्ती नाही. त्यात आलेली उत्तरं अशी: बुद्धिबळ. भुताच्या गोष्टी, पण खऱ्या. चार्जिंगचा पॉइंट. वडापाव. मोठ्यानं हसलं तर ओरडू नये. एका पानावर फक्त एवढंच होतं, ‘कितवीत आहेस आणि किती टक्के पडले हे कुणी विचारू नये.’ ते पान मी कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवलं. सगळे हसले. नंतर चहा आला, तेव्हा आमच्यातल्याच एका ज्येष्ठांनी चहा आणून देणाऱ्या पोराला विचारलं, “काय रे, कितवीत तू?”

म्हणून पोरांना काय हवं ते आपण ठरवून उपयोग नाही. ते ठरवायचं कामच त्यांच्याकडे द्यायला हवं, आणि कामाबरोबर थोडे पैसे, कपाटाची किल्ली आणि आठवड्यातले दोन तास. परदेशातल्या ग्रंथपालांना हे बरंच आधी उमगलेलं आहे. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेत बारा ते अठरा वयासाठी १९५७ पासून वेगळा विभाग आहे, आणि तिथल्या कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयांत या वयाच्या मुलांची सल्लागार मंडळं असतात. पोरं आधी खाण्यासाठी येतात, पुस्तकं मागाहून, हे तिथले ग्रंथपाल उघडपणे सांगतात. आपल्याकडे वाचनालयात वडापाव म्हटलं की भुवया वर जातात.

आमच्याकडे झालेल्या एका गोष्टीबद्दल जरा सविस्तर लिहिते. गेल्या दिवाळीत पेठेतल्या पोरांना किल्ला करायला जागा मिळत नव्हती. सगळीकडे गाड्या लागलेल्या. वाचनालयामागच्या परसात आम्ही जागा दिली आणि अट एकच घातली: किल्ला अजिंक्यतारा करायचा आणि पुस्तकात सापडेल तसा करायचा. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत. पोती, माती, विटांचे तुकडे पोरांनीच जमवले. मावळे घरोघरचे, त्यामुळे कुणी अंगठ्याएवढा तर कुणी वीतभर. हळीव पेरायचं काम बारक्यांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी आठवीतला एक जण टेबलाशी येऊन म्हणाला, “मॅडम, दरवाजे किती आन् कुठल्या अंगाला?” रोज डोक्यावर किल्ला दिसतो, पण हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. मग कपाटातून मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी माहितीग्रंथाचा, साताऱ्याचा खंड निघाला. मूळ खंड १८८५ चा, इंग्रजी, बारीक टाइप. सेमी-इंग्रजीतली दोन पोरं वाचायला बसली, एक मुलगी मराठीत सांगायला. वाचता वाचता ती वेढ्याच्या हकिकतीपाशी अडकली. १६९९ च्या अखेरीला खुद्द औरंगजेब पायथ्याला छावणी टाकून बसला, आत किल्लेदार प्रयागजी प्रभू, आणि १७०० च्या एप्रिलात मोगलांनी सुरुंग उडवले. एका स्फोटात तट आत कोसळला आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या वेळी तट उलटा बाहेर पडला आणि खाली हल्ल्याच्या तयारीत उभ्या असलेल्या मोगलांच्याच अंगावर आला.

मग परसात भांडण जुंपलं. तट अख्खा दाखवायचा की पडलेला? अर्धी पोरं म्हणाली, किल्ला मजबूतच पाहिजे. बाकीची म्हणाली, मग पुस्तक कशाला वाचलं? लवंगी लावून तट उडवण्याचाही प्रस्ताव आला, तो मी नामंजूर केला. शेवटी मंगळाई बुरुजाजवळचा तट पाडला, विटांच्या चुऱ्यात दोन मावळे अर्धे पुरले आणि खालच्या बाजूला मोगलांचा ढीग घातला. बघायला आलेले एक आजोबा नाराज झाले. “महाराजांच्या गडाचा तट पडलेला दाखवतात होय रे?” त्यावर तोच आठवीतला म्हणाला, “आजोबा, पुस्तकात हाय तसं. पडला, तरी लगीच नाय दिला त्यांनी गड.”

त्यातल्या तिघा-चौघांनी पुढे कार्ड काढलं. बाकीच्यांनी नाही काढलं, आणि हेही मुद्दाम सांगते, कारण एका किल्ल्यानं अख्खी पेठ वाचायला लागली अशा बातम्या छापल्या जातात, त्या खऱ्या नसतात. पण न आलेली पोरंही आता रस्त्यात भेटली की ओळख देतात.

यंदा पोरांनी ७ नोव्हेंबर धरला आहे. १९०० साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला, तेव्हापासून भाषणं होतात. पोरांना भाषण नको होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता: “तेव्हा ते केवढे होते?” नऊ वर्षांचे. हे ऐकल्यावर सहावीतल्यांचे चेहरे बदलले. बाबासाहेबांनी स्वतःच आठवणीत लिहिलंय की वर्गात त्यांना गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळं बसावं लागे, आणि ते गोणपाट रोज घरून न्यावं लागे. सुट्टीत बाबासाहेब आणि घरातली बाकीची मुलं वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाली. रेल्वेनं मसूरला उतरली. जात कळल्यावर बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण गाडी या मुलांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही.

हे वाचून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “मसूरला माझी मावशी राहते.” तेवढ्यावर कार्यक्रम ठरला. सातारा, मसूर, गोरेगाव असा मोठा नकाशा करायचा, वाटेतलं प्रत्येक ठिकाण आज कसं आहे ते त्या त्या गावातल्या नातेवाइकांना फोन करून विचारायचं, आणि पाणी कुठं मिळायला हवं होतं तिथं खूण करायची. ही खूण करायची कल्पना माझी नाही, शिक्षकांचीही नाही. हे ज्यांनी सुचवलं त्यांच्यासाठी आपण ‘मोबाइल: शाप की वरदान’ या विषयावर निबंध ठेवतो.

मोबाइलवरून आठवलं. नकाशाचं बरंचसं काम मोबाइलवरच चाललंय. किल्ल्याचं रीलही केलं होतं. त्यावर आम्ही हरकत घेतली नाही. रीलमध्ये सांगितलेली गोष्ट कुठल्या पुस्तकातली ते खाली लिहायचं, एवढाच नियम ठेवला.

पुस्तक खरेदीबद्दलही थोडं. साताऱ्यात थंडीत ग्रंथमहोत्सव भरतो. तिथं आम्ही मोठी माणसं याद्या घेऊन जातो. गेल्या खेपेला खरेदीतली थोडी रक्कम बाजूला काढून सातवी ते दहावीतल्या काही मुलांना बरोबर नेलं आणि सांगितलं, एवढ्या पैशांत तुम्ही निवडा. अर्धा दिवस स्टॉलमागून स्टॉल पालथे घातले त्यांनी. भुताची पुस्तकं आली, क्रिकेटच्या आकडेवारीचं आलं, मोटरसायकलच्या इंजिनाचं आलं, चित्रांच्या जपानी गोष्टी इंग्रजीतून आल्या. नववीतल्या एकीनं वयात येणाऱ्या मुलींसाठी डॉक्टरांनी लिहिलेलं एक पुस्तक दोन विज्ञानाच्या पुस्तकांच्या मध्ये सरकवून माझ्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. ते पुस्तक आमच्याकडे आता कपाटात फारसं सापडत नाही, कायम बाहेर असतं. पण त्याचं कार्ड भरायला फार कमी मुली टेबलाशी येतात. बऱ्याचजणी कोपऱ्यात बसून वाचतात आणि परत ठेवतात. त्या कोपऱ्याकडे मी मुद्दाम बघत नाही.

यादी कार्यकारिणीपुढे आली तेव्हा “हे काय वाङ्मय आहे का?” असा प्रश्न आला. मी देवघेव रजिस्टर पुढे सरकवलं. कोणती पुस्तकं किती वेळा गेली ते त्यात असतंच.

खरेदी झाल्यावरचं कामही पोरांनीच केलं. दाखल नोंदवहीत नोंद, दाखल क्रमांक, मुखपृष्ठाच्या आत लेबल, शीर्षकाच्या पानावर शिक्का. आणि प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. ठरलेल्या क्रमांकाच्या पानावर आत शिक्का मारायचा, म्हणजे सुरुवातीची पानं फाडून कुणी पुस्तक लांबवलं तरी ओळखता येतं. ते पान कितवं हे कर्मचाऱ्यांनाच माहीत असतं. ते आम्ही त्यांना सांगितलं. आता रद्दीवाल्याकडे जुनं पुस्तक दिसलं तरी ही पोरं आधी ते पान उघडून बघतात.

एक अडचण कुणी फारशी बोलत नाही. अकरा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा एका सतरंजीवर बसत नाही. सहावीची पोरं दिसली की दहावीची दारातूनच मागं फिरतात. दोघांना एकच वेळ ठेवली की आधी मोठी जातात, मग त्यांना बघून मधली. यावर आमच्याकडे चाललेला तोडगा असा की मोठ्यांना वेगळा तास, आणि बारक्यांच्या तासाला मोठ्यांपैकी दोघांनी यायचं ते काम घेऊन. कोडी लावायची, बुद्धिबळाचे डाव लिहून घ्यायचे. कामावर आलेला दहावीतला पोरगा सहावीतल्यांना टाळत नाही.

दुसरी अडचण मुलींची. आठवीनंतर संध्याकाळी सातला मुलगी वाचनालयात पाठवायला घर तयार नसतं. थंडीत तर सहालाच अंधार. आया आधी पुस्तकांचं विचारत नाहीत, “तिथं कोण कोण असतं?” हे विचारतात, आणि बरोबरच विचारतात. म्हणून वेळ रविवारी सकाळची हवी, दार उघडं हवं, दोन मोठी माणसं हजर हवीत, त्यातली एक बाई हवी. आणि स्वच्छतागृह हवं, कुलूप नसलेलं, आत पाणी असलेलं. कित्येक वाचनालयांत ते कागदावर आहे आणि किल्ली शिपायाच्या खिशात. तेरा वर्षांची मुलगी त्याच्याकडे किल्ली मागायला जाणार नाही, ती घरी जाईल. मग आपण म्हणायचं, मुली वाचत नाहीत.

आता पैशांचं. शासनमान्य वाचनालयांचं अनुदान कित्येक वर्षांनी, २०२२ मध्ये, साठ टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला. त्याचं स्वागतच आहे, पण पगार, पुस्तकं, वीजबिल यातून उरतं थोडं. तरी मुलांच्या कार्यक्रमांना पैसे नाहीत हे मला मान्य नाही. एका वाचन दिनाचा हिशेब मांडा. फ्लेक्स, हार, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा नाश्ता, गाडीभाडं, फोटोग्राफर. या रकमेत वर्षभर दर रविवारी पोरांना वडापाव देता येईल आणि बुद्धिबळाचे चार पट वर येतील. पण अहवालाला फोटो लागतो, आणि वडापाव खात पोटावर आडवं पडून वाचणाऱ्या पोराचा फोटो कुणी अहवालाला लावत नाही. शाल-श्रीफळ घेणाऱ्यांबद्दल माझ्या मनात अनादर नाही. त्यांनीही कधीतरी ‘शाल नको, त्या पैशात पोरांना काहीतरी द्या’ असं म्हणावं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानही ग्रंथालयांतल्या बालकोपऱ्यांसाठी अर्थसाहाय्य करतं. प्रस्ताव पाठवायला अंगमेहनत लागते, एवढंच.

वाचनालयांच्या कार्यकारिणींना आणि जिल्ह्यातल्या ग्रंथालय क्षेत्रातल्या मंडळींना माझी विनंती आहे. साप्ताहिक सुट्टी रविवारवरून हलवा, निदान सकाळपुरती तरी. वर्षातल्या दोन बैठकांना या वयाची दोन मुलं निमंत्रित म्हणून बोलवा, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. ठरावाला हात वर करायचा अधिकार नियमात बसणार नाही, पण बोलायला नियमाची आडकाठी नाही. वार्षिक अहवालात कार्यक्रम किती झाले याबरोबर आणखी एक रकाना घाला: अकरा ते सोळा वयाच्या किती मुलांनी वर्षभरात पुस्तक घरी नेलं. बऱ्याच ठिकाणी तो रकाना भरताना पेन थांबेल.

आपल्याकडेही एक मागणी आहे. आठवड्यातून एकदा, एका कोपऱ्यात, शंभर-सव्वाशे शब्दांची जागा द्या. जिल्ह्यातल्या कुठल्याही वाचनालयातल्या मुलानं वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहावं, आवडलं नसेल तर तसंही लिहावं. भाषा सुधारू नका, ‘हाय’ आणि ‘नाय’ राहू द्या. शीर्षकही त्यांचंच असू द्या. आमच्या पोरांची अशी काही टिपणं तयार आहेत. एक भुताच्या पुस्तकाबद्दल आहे आणि त्यात लेखकाला भूत भेटलेलंच नाही, अशी गंभीर तक्रार आहे. हस्ताक्षरात पाठवू की टाइप करून, तेवढं कळवावं.

आपली,
देवघेव विभागातली एक कर्मचारी,
चिमणपुरा पेठ, सातारा
(नाव छापू नये ही विनंती. कार्यकारिणीला कळायचं ते कळेलच.)